आवाज कुणाचा?

गाडी जितकी महाग, तितका मालकाचा कान तिखट. एसटीच्या लाल डब्यातून उभा महाराष्ट्र हिंडलेल्या माणसाला विचारा, टायरचा आवाज कसा असतो? तो तुमच्याकडे बघतच राहील. तिथं खिडकीच्या काचा आहेत, सामानाची जाळी आहे, पायाखालचा पत्रा आहे, कंडक्टरचा पंच आहे, मागच्या बाकावर रडणारं पोर आहे आणि त्याला गप्प करणारी, त्याच्याहून मोठ्या आवाजाची आजी आहे. एवढ्या मंडळींत टायरला बोलायला मिळणार कधी? आलिशान सेडानमध्ये सगळाच उलटा कारभार. काचा जाड, दारांना रबराचे दुहेरी काठ, आणि इंजिन असं सोज्ज्वळ की सिग्नलला ते चालू आहे की बंद, हे काट्याकडे बघून ठरवावं लागतं. सगळे गप्प बसले की उरलेला एकटा बोलतोय असं वाटायला लागतं. गाडीत तो एकटा म्हणजे टायर.

आमच्या साडूंनी सात वर्षं वापरलेली एक जर्मन सेडान घेतली. अशा गाड्यांचं अर्थशास्त्र सोपं आहे. गाडी जुन्याच्या भावात मिळते आणि तिचं सामान नव्याच्या भावात. गाडीचं वय झालं म्हणून कुठलाही टायरवाला गिऱ्हाइकाला सवलत देत नाही. पण हे साडूंना उशिरा कळायचं होतं. आधी कळला तो आवाज. साठच्या पुढे काटा गेला की खालून एक बारीक ‘ऊंऽऽ’ सुरू व्हायचा, नव्वदला तो चांगला भरदार व्हायचा. मागच्या मालकानं हा आवाज सांगितला नव्हता, अशी साडूंची तक्रार होती. जुन्या गाडीचा मालक ‘हिला जरा ऊं होतं बरं का’ असं कशाला सांगेल?

पहिला संशय बेअरिंगवर गेला. मेकॅनिकनं गाडी वर उचलली, चाक फिरवलं, कान लावला आणि बेअरिंगला निर्दोष सोडलं. मग तो साडूंचा हात धरून म्हणाला, “साहेब, इथं टायरवरनं हात फिरवा. आता उलटा फिरवा.” एका बाजूनं हात गेला तर गुळगुळीत, उलट्या बाजूनं गेला तर करवत. टायर वाकडे झिजले होते. तरी साडूंची खात्री पटेना. त्यांचं म्हणणं, पुराव्याशिवाय चार टायरांवर पैसे टाकायचे नाहीत.

म्हणून चाचणी ठरली. रविवारी पहाटे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर. मला पुढच्या सीटवर बसवून हातात डेसिबल मोजायचं ॲप दिलं. मागे मेहुणी आणि कॉलेजात जाणारा भाचा. एसी बंद, खिडक्या बंद, रेडिओ बंद, बोलणं बंद. दिवस मे महिन्याचे. मेहुणीनं पर्समधून चिवड्याची पुडी काढली, तेव्हा साडूंनी आरशातून असं काही बघितलं की तिनं तोंडातला बकाणा न चावता नुसताच विरघळू दिला. आता हा रस्ता काँक्रीटचा. देशातला हा पहिला सहापदरी द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण खुला झाला, त्याचं कौतुक आहेच. पण काँक्रीटवर पाणी साचू नये, चाक घसरू नये म्हणून बारीक रेघा पाडलेल्या असतात, आणि टायर त्या रेघांवरून गेला की गायला लागतो. डांबरावर कुजबुजणारा टायर काँक्रीटवर भाषण करतो. ॲपवर आकडा चढत होता. अठ्ठावन्न, एकसष्ट, चौसष्ट. साडूंचा चेहरा उजळला. “ऐका! आत्ता ऐका!” ते ओरडले, “आवाज कुणाचा?”

भाचा पुरुषोत्तम करंडकवाला. भरत नाट्य मंदिरात प्रयोगाआधी दोन वर्षं ह्याच प्रश्नाला घसा फोडून उत्तर दिलेलं. त्याच्या तोंडून कॉलेजचं नाव असं काही निघालं की ॲपचा काटा सत्त्याण्णववर जाऊन टेकला. त्या सकाळची ती सर्वोच्च नोंद. साडूंनी गाडी पुढच्या फूड मॉलला घेतली आणि वडापाव खाताना जाहीर केलं, की पुरावा मिळाला.

पुण्यात नाना पेठेत टायरची दुकानं एकमेकांना खेटून आहेत. आम्ही ज्यात शिरलो, तिथले शेठजी टायरांच्या चळतीवरच गादी टाकून बसले होते. त्यांनी गाडीकडे एकदा पाहिलं, साडूंच्या बुटांकडे एकदा पाहिलं, आणि नेमका प्रश्न विचारला. “साहेब, सायलेंट पाहिजे, ग्रिप पाहिजे का लाइफ पाहिजे?”

“तिन्ही.”

शेठजींनी चहा मागवला. हे गिऱ्हाईक लांबणार, हे त्यांनी ओळखलं होतं.

शेठजींचा प्रश्न वरवर धंद्याचा वाटतो, पण त्यात टायरचं सगळं शास्त्र आहे. मऊ रबर रस्ता घट्ट धरतं, दणके पोटात घेतं, आवाजही कमी करतं, आणि लवकर संपतं. कडक रबर वर्षानुवर्षं टिकतं, पण पहिल्या पावसात वळणावर घाम फोडतं. खोल आणि रुंद खाचा ठेवल्या तर पाणी पटकन बाहेर पडतं, पण त्याच खाचांत हवा दाबली जाते, सुटते आणि शिट्टी मारते. टायरची बाजूची भिंत ताठ ठेवली तर स्टिअरिंग जरा हलवताच गाडी वळते, आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट मालकाच्या मणक्याला जाऊन भेटतो. एक गुण ओढायला जावं तर दुसरा निसटतो. टायर बनवणारे हुशार आहेत, त्यांनी सिलिका वगैरे घालून ही ओढाताण बरीच सैल केली आहे. संपवली मात्र नाही.

आणि मागणी तरी कुठं नवी आहे? रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश गृहस्थानं १८४५ साली हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं, त्यात हेतू स्वच्छ लिहिले आहेत: गाडी ओढायला जोर कमी लागावा, प्रवास सुखाचा व्हावा आणि चाकांचा आवाज कमी व्हावा. मोटारगाडी जन्माला यायला तेव्हा चाळीस वर्षं अवकाश होता. थॉमसनची चाकं घोडागाडीची, आत हवेची पिशवी आणि वरून चामडं. म्हणजे आमच्या साडूंचा अर्ज पावणेदोनशे वर्षांपासून दाखल आहे. पुढं बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप ह्या जनावरांच्या डॉक्टरनं पोराच्या तीनचाकी सायकलीला हवेचे टायर बसवले आणि १८८८ साली पेटंट घेतलं. थॉमसन आधीच होऊन गेलाय असं निघाल्यावर ते पेटंट टिकलं नाही. नाव मात्र डनलॉपचंच झालं. गुरांच्या डॉक्टरला गुरांनी लक्षात ठेवलं नसेल, जगानं टायरसाठी ठेवलं.

शेठजी आता साइजवर आले. टायरच्या गालावर लिहिलेलं असतं: २२५/५० आर १७ ९४ डब्ल्यू. हे ज्यानं ठरवलं, त्याला कुणाचंच मन मोडायचं नव्हतं. २२५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५० हे टक्के, म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या निम्मी. १७ हा रिमचा व्यास, आणि तो इंचांत. एकाच ओळीत फ्रान्स आणि इंग्लंड शेजारी बसवले, मधे टक्केवारी ठेवली, भांडण नको. ९४ म्हणजे चौऱ्याण्णव किलो नव्हे, ते कोष्टकात बघायचं. तिथं ते ६७० किलो निघतं. चार टायरांवर २,६८० किलो. साडूंनी गाडीचं वजन, चार माणसं आणि मेहुणीच्या बॅगा धरून हिशेब केला आणि समाधानानं मान हलवली. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंत चालेल. व्ही म्हणजे २४०. यू म्हणजे २००, आणि २१० ला एच! यू आणि व्हीच्या मधे एच कुठून घुसला, असं साडूंनी विचारलं. शेठजी म्हणाले, “साहेब, तो आधीपासून बसलेला होता. बाकीचे नंतर आले.” लोकलमध्येही सीटचा निकाल असाच लागतो, त्यामुळे साडूंना पटलं.

ताशी २७० चा टायर घ्यायचा आणि लक्ष्मी रोडवर पहिल्या गिअरमध्ये तुळशीबागेपर्यंत जायचं, ह्यात विसंगती आहे असं मला वाटलं. मी तसं बोललोही. शेठजी माझ्याकडे बघून साडूंना म्हणाले, “हे तुमच्याबरोबर आहेत का?”

भाचा मधेच अठरा इंची रिमवर अडून बसला. दिसायला ते झकासच दिसतं. पण चाकाचा घेर तोच ठेवायचा तर रिम वाढलं की रबर कमी होतं. सतराच्या रिमला बाजूची भिंत सुमारे ११२ मिलिमीटर, २२५/४५ आर १८ ला १०१. अकरा मिलिमीटर म्हणजे किती, हे शोरूममध्ये कळत नाही, पावसाळ्यात कात्रजला कळतं. पाण्याखालच्या खड्ड्याची धार रिमच्या कडेला लागते, मधे रबर चेचतं, आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी टायरच्या गालावर लिंबाएवढा फुगा येतो. फुगा आलेल्या टायरला औषध नाही, तो बदलायचाच. शेठजींनी कोपऱ्यातली फुगेवाल्या टायरांची रांग दाखवली. सगळे पातळ भिंतीचे, सगळे महागडे. भाच्यानं विषय सोडला.

खरा पेच पुढंच होता. साडूंच्या गाडीला रन-फ्लॅट टायर होते. ह्यांच्या भिंती इतक्या जाड की हवा गेली तरी ताशी ८० च्या आत, साधारण ८० किलोमीटर गाडी घरी आणतात. त्यामुळे जर्मन मंडळींनी डिकीत स्टेपनी ठेवलीच नाही. जाड भिंत म्हणजे वजन, कडकपणा आणि दणके. साधे टायर बसवले तर गाडी मऊ चालणार, बोलणंही कमी होणार, पण मग समृद्धीवर मध्यरात्री पंक्चर झालं तर काय करायचं? तो रस्ता ७०१ किलोमीटरचा आहे. साडू म्हणाले, स्टेपनी विकत घेऊन डिकीत टाकू. मेहुणी पहिल्यांदाच बोलली. “आणि बॅगा कुठं ठेवायच्या? मांडीवर?” जर्मन अभियंत्यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षं सोडवला होता, तो नाना पेठेत दोन मिनिटांत पुन्हा उघडा पडला. शेवटी साधे टायर, हवा भरायचा छोटा पंप आणि पंक्चरचं किट, असा तह झाला.

मी अजून एक पर्याय सुचवला होता, आतून स्पंज लावलेल्या टायरांचा. टायर आणि रिमच्या मधली हवा म्हणजे आतून बंद असलेला डग्गा. रस्त्याची थाप बसली की ती साधारण दोनशे हर्ट्झच्या आसपास घुमते, आणि गाडीत बसलेल्याला तो घुमारा कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो. म्हणून काही कंपन्या आत पॉलियुरेथेनच्या फोमचा पट्टा चिकटवतात. कल्पना नामी आहे. पण सातारा रस्त्यावरचे आमचे पंक्चरवाले अण्णा, मूळ केरळचे, त्यांनी असा टायर एकदा उघडला होता. “आत कुणी गादी घालून ठेवली साहेब,” ते सांगत होते. “भोक बघायचं तर पहिला गादी कापायला लागते. कापलं तर मालक रडतो, नाय कापलं तर हवा जाते.” साडूंना मालकाच्या जागी स्वतः दिसले. फोम बाद झाला.

बाहेरच्या बाजूचा आवाज कमी करायची युक्ती मात्र सगळेच वापरतात, आणि ती मला फार आवडली. टायरवरचे चौकोनी ठोकळे जर अगदी सारख्या मापाचे ठेवले, तर प्रत्येक ठोकळा ठरावीक अंतरानं रस्त्यावर आपटतो आणि एक स्वच्छ सूर लागतो. तो सूर लागू नये म्हणून ठोकळ्यांची मापं मुद्दाम लहान-मोठी करतात, क्रम विस्कटतात. सूर लागावा म्हणून लोक जन्मभर तानपुरा मांडून बसतात, आणि इकडे सूर लागू नये म्हणून माणसाला पगार मिळतो.

आता निवड आकड्यांवर येऊन ठेपली. युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरांवर लेबल असतं. इंधन किती खातो, ओल्या रस्त्यावर कसा थांबतो आणि किती डेसिबल आवाज करतो, हे त्यावर लिहायचं बंधन आहे. साडूंनी रात्री जागून दोन टायर काढले होते, एक ६९ डेसिबलचा आणि एक ७१ चा. हे दोन डेसिबल त्यांनी इतके मनावर घेतले होते की जेवताना बोटं धरून दाखवायचे. मग त्या आकड्याचं मोजमाप कसं होतं, हे वाचायची पाळी आली. गाडी ताशी ८० नं सोडायची, इंजिन बंद करायचं आणि रस्त्याच्या मध्यापासून साडेसात मीटरवर मायक्रोफोन लावून आवाज घ्यायचा. रस्त्याचं डांबरसुद्धा ठरावीक जातीचं लागतं. मायक्रोफोन गाडीच्या आत नव्हे, बाहेर! म्हणजे लेबलावरचा आकडा मालकाच्या कानाचा नाहीच, तो रस्त्याकडेला चरणाऱ्या म्हशीच्या कानाचा आहे. चार टायरांची पाच-पाच आकडी किंमत मोजायची आणि शांतता म्हशीला द्यायची.

त्यातून म्हशीला तरी ती मिळते का? आपल्याकडे कायद्यानं मान्य असलेला हॉर्न ९३ ते ११२ डेसिबलचा असतो. बेकायदा प्रेशर हॉर्न वेगळे, त्यांचा हिशेब यमराजांकडे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, म्हणजे आपला साधा, कायदेशीर, पापभीरू हॉर्नसुद्धा वाजताक्षणी मर्यादा ओलांडतो. २०१५ साली महाराष्ट्रात ट्रकमागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी आली. लिहिणं बरंचसं थांबलं, वाजवणं चालू राहिलं. वाचता येत नसलं तरी आम्हाला मजकूर पाठ होता.

पण साडूंचं तत्त्व वेगळं होतं. बाहेरच्या आवाजावर आपला हक्क नाही, आतल्यावर आहे. त्यांनी लेबल बाजूला ठेवलं आणि शेठजींना सांगितलं, आरामाचे टायर दाखवा, स्पोर्टचे नकोत. शेठजींनी योकोहामाचा ॲडव्हान डीबी काढला. नावातच डेसिबल. मग मिशेलिनचा प्रायमसी फोर एसटी काढला. साडूंनी नाव वाचलं आणि दचकले. “एसटी? मग ह्यात शांतता कसली?” शेठजींना विनोद कळला नाही, किंवा तो रोज होत असावा.

दोन्हींची पोटं, गाल, खाचा बघून झाल्यावर त्यांनी गालावरचे शेवटचे चार आकडे तपासले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. शेठजी म्हणत होते माल ताजा आहे. आकडेही तसंच म्हणाले, हे विशेष. फक्त दोनच टायर बदलले तर निम्म्यात भागेल, असा एक शेवटचा विचार साडूंच्या मनात आला होता. शेठजींनी तो बोलायच्या आधीच ओळखला. “दोनच घेतले तर नवे मागे टाकायचे साहेब. मागचे घसरले तर गाडी सांभाळता येत नाय. आणि पुढचे जुने, मग आवाज तोच.” साडूंनी चारही घेतले. कुठला घेतला, हे मी सांगत नाही. सांगितलं तर वाचकांपैकी निम्मे मला फोन करून दुसरा सांगतील.

बसवणं, बॅलन्सिंग, अलाइनमेंट. कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल आकडे हिरवे होताना बघणं हा मोठा सुखाचा कार्यक्रम आहे. ज्यानं जुने टायर करवतीसारखे खाल्ले, ते हे अलाइनमेंटच होतं. ते आधीच करून घेतलं असतं तर जुने अजून चालले असते, पण ही माहिती शेठजींनी पैसे मोजून झाल्यावर दिली. मग नायट्रोजन. साधी हवा नको, नायट्रोजन भरा, व्हॉल्व्हला हिरवी टोपी येते. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट असतो, उरलेल्या बावीस टक्क्यांसाठी पैसे. साडू म्हणाले, असू दे, हिरव्या टोप्या छान दिसतात.

आणि टायर खरंच चांगले निघाले. डांबरावर गाडी इतकी नरम चालायला लागली की साडू मुंबईला जाताना जुन्या हमरस्त्यानं जाऊ लागले, फक्त काँक्रीट टाळायला. खंडाळ्याच्या वळणावर स्टिअरिंग हातात भरून येतं, पावसात ब्रेक दाबला की गाडी तिथंच बसते. शेठजींनी सांगितलं होतं, पहिले काही शे किलोमीटर जपून चालवा, नव्या रबराची तुकतुकी जाऊ द्या. साडूंनी ते इतकं पाळलं की रिक्षावाले ओव्हरटेक करताना काच खाली करून चौकशी करत होते.

पण टायर गप्प झाले आणि गाडीतली बाकीची मंडळी बोलायला लागली. डाव्या दाराच्या आत एक क्लिप टिकटिकते. मागच्या रिकाम्या सीटच्या बेल्टचं बकल दाराच्या खांबावर आपटतं. हातमोज्यांच्या कप्प्यात, ज्यात जगाच्या पाठीवर कुणीही हातमोजे ठेवत नाही, दोन रुपयांचं नाणं गडगडतं. डॅशबोर्डवरच्या गणपतीची घंटा प्रत्येक स्पीडब्रेकरला वाजते, तिला बोलायची सोय नाही. रोल्स-रॉइसवाल्यांची १९५८ सालची जाहिरात प्रसिद्ध आहे. ताशी साठ मैलांच्या वेगात गाडीतला सर्वांत मोठा आवाज घड्याळाचा, असा तिचा दावा होता. लोकांनी कौतुक केलं. पण ती गाडी ज्यानं घेतली, त्याचं पुढं त्या घड्याळाशी काय झालं असेल, हे मला आता साडूंकडे बघून कळतं. त्याच कंपनीनं २०२० साली नवी घोस्ट काढली, तिच्यात आवाज शोषणारं शंभर किलोहून जास्त सामान भरलं. गाडी इतकी निःशब्द झाली की आत बसणाऱ्यांना चमत्कारिक वाटायला लागलं, म्हणून अभियंत्यांनी हलकासा आवाज मुद्दाम परत घातला. आमच्या साडूंना ही हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी गंभीरपणे विचारलं, तो आवाज किती डेसिबलचा?

परवा मेहुणीचा फोन आला. “भाऊजी, तुम्ही जरा येऊन जा. हे काल रात्री दीड वाजता स्वयंपाकघरात तुमचं ते ॲप घेऊन उभे होते. म्हणतात, फ्रिजला ऊं होतं.”

“मग?”

“मग काय, नव्याला मागे लेबल असतं का, ते बघायला उद्या दुकानात जाणार आहेत. आणि चिवडा आता मी गच्चीवर जाऊन खाते.”